डाग जाईल, डिपॉझिट राहील

फेस्टच्या आदल्या रात्री पोस्टर्स कुठे रंगतात? कॉलेजात नाही. कुणाच्या तरी भाड्याच्या फ्लॅटवर, हॉलच्या फरशीवर, सात-आठ जण पालथे पडून. सकाळी कार्डपेपर उचलला की खाली तीच अक्षरं उमटलेली, काळी कुळकुळीत. तेव्हा कुणी लक्ष देत नाही. लक्ष जातं ते फ्लॅट सोडताना, घरमालक काका चष्मा सावरून फरशी न्याहाळायला लागतात तेव्हा. मग डिपॉझिटमधून किती कापायचे याची बोलणी सुरू होतात. आणि ते डिपॉझिट बहुतेक वेळा आईबाबांनी भरलेलं असतं.

तर काकांच्या आधी तुम्हीच फरशीकडे बघा.

मार्करवरच्या ‘परमनंट’ या शब्दाला घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की ही शाई पाण्याला दाद देत नाही. तिच्यात रंग असतो, तो चिकटवून ठेवणारं रेझिन असतं आणि दोघांना पातळ ठेवणारं द्रावक, बहुतेकदा अल्कोहोल. लिहिल्यावर द्रावक उडून जातं आणि रंग रेझिनसकट घट्ट बसतो. म्हणून तर साबणपाण्याने तासभर घासलं तरी हात दुखतात, डाग तिथेच. उडून गेलेलं द्रावक परत दिलं, की शाई पुन्हा सुटते आणि फडक्यावर येते.

ते द्रावक तुमच्या सॅकमध्येच असेल. सॅनिटायझर! जेल नको, पाण्यासारखा पातळ घ्या आणि लेबलवर अल्कोहोल किमान ७० टक्के आहे का ते बघा. नाहीतर मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा. कापसाचा बोळा भिजवून अर्धा मिनिट डागावर ठेवायचा, मग कडेकडून आत असं टिपायचं. बोळा काळा झाला की नवा. एकाच बोळ्याने गोल गोल घासत बसलात तर डाग निघत नाही, पसरतो.

व्हिट्रिफाइड टाइल, काच, स्टीलचा डबा, सनमायकाचं टेबल, इथे हे काम काही मिनिटांचं. वर्गातल्या व्हाइटबोर्डवर कुणी परमनंट मार्करने लिहून ठेवलं असेल, तर त्याच अक्षरांवरून व्हाइटबोर्ड मार्कर गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. नव्या शाईतलं द्रावक जुनीला सोडवून घेतं. मॅडम यायच्या आत फळा साफ.

खरी गंमत पुढे आहे. शाई जाते हो, पण तिच्यासोबत काय काय जातं? जुन्या घरातलं लाकडी कपाट असेल तर हात आवरा. त्यावर फ्रेंच पॉलिश असू शकतं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. बांगड्यांची असते तीच लाख! स्पिरिट लावलंत की मार्करसोबत पॉलिशही उठणार आणि एका बारीक रेघेच्या जागी तळहाताएवढा चट्टा पडणार. रेघ काकांच्या नजरेतून सुटलीही असती, चट्टा दारातून दिसेल. तिथे पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन, लाकडाच्या रेषांच्या दिशेने अगदी हलक्या हाताने चोळा आणि ओल्या फडक्याने पुसा. फिकट रेघ उरली तर उरू द्या. जास्त घासलंत तर चकाकी जाईल.

नेलपॉलिश रिमूव्हरचंही तसंच. बहुतेक रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं. काचेवर चालेल, पण लॅपटॉपचं कव्हर, स्विचबोर्ड, फ्रीजमधले ट्रे यांच्या आसपासही नको. कितीतरी प्लास्टिक त्याने मऊ पडतं, धुरकट होतं. म्हणून कुठलंही रसायन आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं.

शहाबादी फरशी आणखी हट्टी. दगड सच्छिद्र, शाई आत मुरते. खायचा सोडा स्पिरिटमध्ये कालवून जाडसर लेप द्या, वर प्लास्टिक अंथरा आणि सकाळी खरवडा. एकदा भागलं नाही तर पुन्हा द्या. लिंबू, व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर ओतू नका, हा चुनखडीचा दगड आहे, आम्ल त्याला खातं. आणि घाईत ब्लीच तर कशातच मिसळू नका. स्पिरिट असो, ॲसिटोन असो की टॉयलेट क्लीनर, ब्लीचबरोबर विषारी वायू तयार होऊ शकतात. खिडक्या उघडा, गॅस आणि उदबत्ती बंद ठेवा. स्पिरिट पटकन पेट घेतं.

राहिली भिंत. इथे मात्र सॅनिटायझरवर फार भिस्त ठेवू नका. डिस्टेंपरच्या भिंतीवर चोळलंत की शाईबरोबर रंगही निघतो. वरून नुसता रंग फासावा म्हणाल, तर शाई त्यातूनही वर येते, दोन हात मारले तरी. आधी तेवढ्या जागेवर ऑइल प्राइमरचा हात मारा, तो पूर्ण वाळू द्या आणि मग रंग लावा. शेड जुळवण्याची कटकट असते, पण जुन्या रंगाचा उरलेला डबा बऱ्याच घरांत माळ्यावर सापडतो. फक्त तो मागायला काकांकडे कोण जाणार, हे आधी ठरवा.