स्लॅबमधले दगडाचे धागे : भेगा रोखतात, पण सळईची जागा घेत नाहीत

उन्हाळ्यात स्लॅब टाकला की बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी त्यावर केसासारख्या बारीक भेगा दिसतात. पुढे पावसात तिथूनच पाणी शिरतं, सळई गंजते, गंजून फुगते आणि छताचे पापुद्रे सुटू लागतात. आयुष्यभराच्या हलाल कमाईतून घर उभं राहतं. म्हणून सध्या ज्याची चर्चा आहे ते ‘फायबर काँक्रीट’ आपण नीट समजून घेऊ या.

काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताण पडला की तडकतं. ताण सोसायची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच. म्हणून आपण सळई घालतो. पण दोन सळयांच्या मधल्या बारीक भेगांना कोण अडवणार? ते काम तंतू करतात. पूर्वी मातीच्या भिंतीत गवत-भुसा कालवायचे, तसंच हे.

असे तंतू बेसॉल्टपासूनही बनतात. बेसॉल्ट म्हणजे आपल्या महाराष्ट्रातला काळा दगड, दौलताबादचा किल्ला ज्यावर उभा आहे तोच. तो सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सिअसला वितळवून बारीक छिद्रांतून धागे ओढतात. ते गंजत नाहीत. काचेचेही तंतू असतात, पण साधी काच सिमेंटमधल्या अल्कलीने कमजोर होते. त्यासाठी झिर्कोनिया असलेली खास काच वापरतात.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांतलं अॅस्बेस्टॉस हाही खनिज तंतूच, पण त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर कॅन्सर होऊ शकतो. असे पत्रे घरी कापू नका, त्यांना भोकं पाडू नका.

आता कामाच्या गोष्टी. कोणी म्हणालं, “फायबर टाकतो, सळई कमी करू,” तर ऐकू नका. सळई किती लागेल हे इंजिनिअरच ठरवेल. तंतू घातले की माल घट्ट वाटतो, मग मिस्त्री पाणी वाढवतो. तिथेच ताकद जाते. तंतूंचे गोळेही होऊ देऊ नका, ते सगळीकडे सारखे मिसळले पाहिजेत.

आणि स्लॅबला पाणी मारायला कंटाळू नका. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अॅश असलेल्या सिमेंटला किमान १० दिवस. तंतू कितीही चांगले असले तरी या पाण्याची कसर भरून काढत नाहीत. एवढं सांभाळलं तर इन्शाअल्लाह छत आपल्या मुलाबाळांनाही साथ देईल.