तरुण डुकरीण गाभ का धरत नाही

डुकरीण सहा-सात महिन्यांची झाली की प्रथम माजावर येते. पुढे साधारण दर 21 दिवसांनी माज येतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. एरवी घट्ट मिटलेले गर्भाशयाचे मुख या दिवसांत वीर्याला वाट देते, आणि त्याबरोबर जंतूंनाही. मात्र माजात इस्ट्रोजेन वाढलेले असल्यामुळे गर्भाशयाची प्रतिकारयंत्रणा जागी असते. रेतन झाल्यावर काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने गर्भाशयात उतरतात. जंतू आणि मागे उरलेले शुक्रजंतू त्या गिळून टाकतात.

माज सरला की प्रोजेस्टेरॉन वाढते आणि ही यंत्रणा मंदावते. गर्भात निम्मा वारसा नराचा, म्हणजे आईच्या शरीराला परका असतो. त्याला सामावून घ्यायचे तर प्रतिकार आवरता घ्यावाच लागतो. म्हणूनच माज उतरल्यावर उशिरा केलेले रेतन घातक ठरते. आत गेलेले जंतू तिथेच वाढतात, गर्भाशय सुजते, पांढरा-पिवळा स्राव येऊ लागतो. अशा मादीला वांझ ठरवून विकणे हा तिच्यावर अन्याय आहे. चूक वेळेची असते.

तरुण मादीची दुसरी अडचण वयाची. डुकरांत वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत. पिल्लाला ती चिकातूनच मिळतात, तीही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात. गर्भ मारणाऱ्या पार्व्होविषाणूविरुद्धचे हे उसने संरक्षण काही महिने टिकते आणि नेमके पहिल्या माजाच्या सुमारास संपत येते. त्यातच लागण झाली तर मादी धडधाकट दिसते, खाते-पिते. गर्भ मात्र एकामागून एक मरतात. पहिल्या महिन्याभरात मेलेले गर्भ शरीरात जिरून जातात, नंतरचे सुकून काळपट होतात. साधारण 70 दिवसांनंतर गर्भ स्वतःच विषाणूशी लढू शकतो. गाभणकाळ 114 दिवसांचा, तेव्हा धोक्याचा काळ बराच मोठा आहे.

रायगडच्या दिघीपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातली ओल आणखी दोन संकटे आणते. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरामुळे गाभणकाळाच्या उत्तरार्धात गर्भपात होतो किंवा मेलेली पिल्ले जन्मतात. हा रोग माणसालाही होतो. पडलेला गर्भ व वार उघड्या हाताने उचलू नये. दुसरे संकट बुरशी लागलेल्या मक्याचे. त्यातले झिअरालेनोन हे विष इस्ट्रोजेनसारखे वागते: वयात न आलेल्या मादीचेही योनिमुख सुजते आणि खोटा माज दिसतो.

परसातले वराहपालन या किनाऱ्यावर खरे रुजले ते गोव्यात. तिथले अगोंदा गोवन हे डुक्कर स्वतंत्र जात म्हणून नोंदले गेले आहे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत वराहपालनावर काम चालते. परसातल्या छोट्या पाळणाऱ्याकडे दोन-तीनच माद्या असतात. एक वेत बुडाले तरी वर्षाचा हिशेब कोलमडतो.

म्हणून रेतनाची तारीख भिंतीवर लिहिलेली असावी. मादी बरोबर 21 दिवसांनी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर गाभ राहिलाच नव्हता, असे बहुधा समजावे; 25 ते 35 दिवसांच्या दरम्यान उलटली तर राहिलेला गाभ मेल्याची शक्यता मोठी. सुरुवातीला किमान चार गर्भ जिवंत नसतील तर गाभण अवस्था सहसा टिकत नाही. पार्व्होची लस पहिल्या रेतनाआधी दोन मात्रांत देतात. फार लवकर दिली तर चिकातली प्रतिपिंडेच ती निष्प्रभ करतात. बाहेरून आणलेली मादी काही आठवडे वेगळी ठेवावी, मग हळूहळू कळपातल्या जंतूंची ओळख होऊ द्यावी, आणि रेतन त्यानंतरच्या माजात करावे.