वाळवीला काळं ऑईल, आणि इतर समजुती

पुणे-सातारा महामार्गालगतच्या वरवे बुद्रुकमध्ये ज्याच्या हाताला पान्याची सवय आहे, त्याला गाडीचं इंजिन ऑईल अंगणात बदलणं काही जड नाही. छोट्या पेट्रोल गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर ऑईल, एक फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा नवा वॉशर एवढंच लागतं. या कामाभोवती समजुती मात्र ढीगभर आहेत.

‘ऑईल काळं झालं म्हणजे संपलं’ ही त्यातली पहिली. काजळी आणि मळ धरून ठेवणारी रसायनं ऑईलमध्ये मुद्दाम घातलेली असतात. ती काम करतात म्हणूनच ते काळं दिसतं. डिझेल इंजिनात तर नवं ऑईलही थोड्याच दिवसांत काळं पडतं. कधी बदलायचं हे रंगावरून नाही, गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावं. आजच्या अनेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते.

त्यातलं ‘एक वर्ष’ लोक सोयीने विसरतात. ‘गाडी फिरतेच कुठं, नसरापूरच्या बाजारापर्यंत तर जाते!’ पण ऑईल लवकर खराब होतं ते अशाच गाडीत. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, त्यामुळे ज्वलनातून आलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं आणि तिथंच राहतं. भोरच्या पावसाळ्यात अशा गाडीच्या ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, की ‘हेड गॅस्केट गेलं’ असं सांगून कुणीतरी मोकळा होतो. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर ती बहुधा नुसती ओल असते. शिरवळपर्यंत एक फेरी मारून आलं की बरीचशी जाते. डिपस्टिकवरही दुधाळ दिसलं, तर मात्र गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा. नुसते किलोमीटर मोजूनही भागत नाही: खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत घालवलेला वेळ मीटरवर दिसत नाही, पण इंजिन तेवढा वेळ चाललेलं असतं.

‘जाड ऑईल म्हणजे जास्त रक्षण’ हे जुन्या इंजिनांच्या काळातलं शहाणपण. अनेक नवी इंजिनं ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑईलसाठी घडवलेली असतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या ज्या डिझेल गाड्यांना काजळीचा फिल्टर आहे, त्यांना कमी राखेचंच ऑईल लागतं, नाहीतर तो महागडा फिल्टर हळूहळू तुंबतो. ‘थोडं जास्त ओतलं तर बिघडलं कुठं?’ हेही चूक. पातळी फार चढली, तर क्रँकशाफ्ट ऑईल घुसळून फेस करतो आणि फेसाळ ऑईलने वंगण नीट होत नाही. सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये दिसली की पुरे.

फिल्टर पान्याने करकचून आवळू नये. नव्या फिल्टरच्या रबराला ऑईलचं बोट लावून तो हातानेच बसवावा. जुनं रबर इंजिनाला चिकटून राहिलेलं नाही ना, हे आधी बघावं, कारण दोन रबरं एकावर एक आली की गळती ठरलेली.

आणि जॅक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, यात ‘पण’ नाही. तो जॅक चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. विटांचा टेकूही नको, वीट सांगून फुटत नाही. जॅक स्टँड किंवा रॅम्प हवा आणि जमीन टणक, सपाट हवी. पावसाने भिजलेल्या अंगणात हे काम काढूच नये.

‘घरी ऑईल बदललं की वॉरंटी जाते’ ही भीती निम्मी खरी आहे. गाडीचं काम कंपनीकडेच व्हावं, हा हट्ट सरकारी यंत्रणेलाही पटलेला नाही. बाहेरच्या गॅरेजांना सुटे भाग मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना २,५०० कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण घरी बदललेल्या ऑईलची नोंद कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये येत नाही आणि दावा करताना वाद घालावा लागतो तो तुम्हाला. वॉरंटी संपेपर्यंत थांबलेलं बरं, असं माझं मत.

सगळ्यात घट्ट समजूत उरते ती ऑईल काढल्यानंतरची. काळं ऑईल गोठ्याच्या खांबाला वाळवीसाठी लावायचं, धूळ बसावी म्हणून वाटेवर शिंपडायचं, नाहीतर सेंट्रिंगच्या प्लेटांना फासायला द्यायचं. वाया घालवायचं नाही, ही वृत्ती चांगलीच. पण इंजिनातून निघालेल्या ऑईलमध्ये झिजलेले धातू आणि ज्वलनातून आलेली घातक संयुगं असतात. प्रयोगात त्याने उंदरांच्या कातडीवर गाठी झालेल्या आहेत. खांबाला गुरं अंग घासतात, वाटेवरचं ऑईल पहिल्या पावसात ओढ्याला लागतं, तिथून शिवगंगेत, पुढे गुंजवणीत आणि नीरेत. एका वेळच्या ऑईलने सुमारे ३८ लाख लिटर पाणी नासू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑईलवर पुन्हा प्रक्रिया घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादक व आयातदार कंपन्यांवरही टाकली आहे.

म्हणून काळं ऑईल नव्या ऑईलच्याच रिकाम्या डब्यात भरा. त्यात पाणी, पेट्रोल, कूलंट मिसळू देऊ नका. फिल्टर रात्रभर उलटा निथळत ठेवा. मग ज्या गॅरेजात पिंप भरून ठेवतात तिथं डबा नेऊन द्या आणि पिंप पुढे कोण नेतं, हेही विचारा. उत्तर ‘सेंट्रिंगवाला’ असं आलं, तर दुसरं गॅरेज बघा.