मामा, अण्णा आणि गावाचे नाते : जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांचे स्मरण

सार्वजनिक कामासाठी मोबदल्याची अपेक्षा न ठेवता वर्षानुवर्षे झिजणाऱ्या माणसाला मराठीत ‘कार्यकर्ता’ म्हणतात. आज हा शब्द राजकीय पक्षांच्या संदर्भात अधिक कानी पडत असला तरी त्याचा मूळ अर्थ व्यापक आहे. ‘स्वयंसेवक’ हा त्याच्या जवळचा शब्द. परंतु स्वयंसेवक एखाद्या सप्ताहात पंगतीला वाढण्यापुरताही असू शकतो, तर कार्यकर्ता म्हणवून घेण्यासाठी हयातीचा मोठा भाग त्या कामात घालावा लागतो. जालना जिल्ह्यातील लोकांनी अशा माणसांसाठी या दोन्ही शब्दांपेक्षा वेगळी अशी संबोधने वापरलेली दिसतात, आणि ती कोणत्याही संस्थेच्या दप्तरातली नसून घरातली आहेत : मामा, अण्णा, काका, दादा, भाऊ. ही संबोधने केवळ आदरार्थी नाहीत. ज्या माणसाने आपल्या घराबाहेरच्या माणसांचे ओझे उचलले, त्याला लोकांनी आपल्या घरात जागा दिली, असा व्यवहार त्यांत नोंदलेला आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण जालना शहराच्या भर बाजारपेठेत आहे. तेथील एका चौकाला ‘मामा चौक’ म्हणतात, आणि त्यातील मामा म्हणजे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर. जालना हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, तरी हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या सत्तेखालीच राहिला. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आल्यानंतर आणि पुढे रझाकार या सशस्त्र संघटनेचा जाच वाढल्यानंतर, संस्थानच्या हद्दीबाहेर वऱ्हाड, खानदेश, नगर आणि सोलापूर या बाजूंना सरहद्दीवरील कॅम्प उभे राहिले. तेथून निरोप नेणे, शस्त्रे पोहोचवणे, करोडगिरीची, म्हणजे निजामाच्या जकातीची, नाकी उठवणे ही कामे ज्यांनी केली, ते बहुतेक शेतकरी, शिक्षक आणि दुकानदार होते, म्हणजे घरदार असलेली माणसे होती. बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रियाही त्यांत होत्या. हुतात्म्याला पदवी देणे सोपे असते. पण चौकाच्या नावात ‘मामा’ हा शब्द लोकांनी टिकवला, ही गोष्ट त्यांच्या आठवणीची जात सांगते. मामा हा आईकडचा माणूस असतो, भाच्याच्या लग्नात त्याचा मान असतो, आणि अडचणीच्या वेळी त्याच्याकडे न विचारता जाता येते.

याच जिल्ह्याने समाजसेवेची एक अगदी वेगळी प्रतिमाही महाराष्ट्राला दिली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव असून १६०८ मध्ये सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. बोहल्यावरून निघून जाऊन त्यांनी लोककार्यासाठी प्रपंच सोडला, ही परंपरेने सांगितलेली कथा मराठी मनावर इतकी ठसलेली आहे, की मोठे काम करायचे तर घर सोडावे लागते अशी समजूत तिच्यातून रुजली. परंतु त्यांचे वडीलबंधू गंगाधरपंत, ज्यांना संप्रदायात ‘श्रेष्ठ’ म्हणतात, ते जांबेतच राहिले, त्यांनी घर सांभाळले आणि ग्रंथरचनाही केली. दासबोधानेही प्रपंच नीट सांभाळण्याला कमी लेखलेले नाही. तरीही निघून गेलेल्या धाकट्याचे नाव सर्वतोमुखी झाले आणि मागे राहिलेल्या थोरल्याचे फारच थोड्यांना ठाऊक आहे. कार्यकर्त्याचे स्मरण करताना मराठी समाजाकडून नेमकी हीच चूक पुन्हा पुन्हा होत आली आहे.

थोरल्या भावाची ही परंपरा विसाव्या शतकात या जिल्ह्यात ज्यांच्या कामातून ठळकपणे दिसते, त्या विजय बोराडे यांना सारा मराठवाडा ‘विजयअण्णा’ म्हणून ओळखतो, आणि अण्णा या शब्दाचा मूळ अर्थही थोरला भाऊ असाच आहे. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ या संस्थेमार्फत त्यांनी कोरडवाहू शेतीसाठी, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून असलेल्या शेतीसाठी, अनेक दशके काम केले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला एक गोष्ट शिकवली होती : पाऊस कमी पडतो हे निम्मेच दुखणे असून, पडलेला पाऊस मातीसह वाहून जातो हे उरलेले निम्मे आहे. त्यावरचा उपाय म्हणजे पाणलोट विकास. ज्या भूभागावर पडलेले सगळे पाणी वाहत येऊन एकाच ओढ्याला मिळते, तो भूभाग म्हणजे त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र. या क्षेत्रात आधी डोंगरमाथ्यावर समान उंचीच्या रेषेत चर खणायचे, मग उतारावर बांधबंदिस्ती करायची आणि शेवटी खाली नाल्यावर बांध घालायचे, या क्रमाला ‘माथा ते पायथा’ म्हणतात. क्रम उलटा केला तर खालचे बांध गाळाने भरून जातात. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील आडगाव येथे १९८० च्या दशकात मंडळाने हा प्रयोग केला आणि नंतर जालना तालुक्यातील कडवंची येथे, १९९६ च्या सुमारास हाती घेतलेल्या कामात, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून तो पूर्णत्वाला नेला.

या कार्यक्रमाची कल्पना फादर हर्मन बाकर या जेझुइट धर्मगुरूंची होती. जर्मनीचा निधी नाबार्डमार्फत येत असे आणि गावाला मजुरीचा ठरावीक हिस्सा श्रमदानाने द्यावा लागे. मात्र पैशापेक्षा अवघड भाग वेगळा होता. माथ्यावर चर खणायचे तर तेथे चराईबंदी पाळावी लागते, म्हणजे मोकाट जनावरे सोडणे बंद करावे लागते. कुऱ्हाडबंदी पाळावी लागते, म्हणजे झाडे तोडणे थांबवावे लागते. ज्या कुटुंबाच्या दोन शेळ्यांवर घर चालते, त्याला हे सांगणे तांत्रिक काम नव्हे. ते नात्याच्या अधिकारानेच सांगता येते, आणि ऐकणाराही सांगणाऱ्याची वर्षानुवर्षांची ये-जा पाहूनच ऐकतो. अण्णा हा शब्द येथे खऱ्या अर्थाने कामाला येतो. साहेबाने घातलेली बंदी साहेबाची बदली होईपर्यंत टिकते. थोरल्या भावाची बदली होत नाही.

पुढे कडवंचीत द्राक्षबागा उभ्या राहिल्या, शेकडो शेततळी झाली आणि २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात, जालना शहर पाण्यासाठी तळमळत असताना, या गावाने आपल्या बागा जगवल्या. या यशाची एक काळजीची बाजूही आहे. विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकच्या अस्तराची तळी भरण्याची पद्धत महाराष्ट्रभर पसरली आणि तिच्यामुळे भूजल सर्वांचे न राहता ज्याचा पंप मोठा त्याचे होऊ लागते, हा अभ्यासकांचा आक्षेप रास्त आहे. पाणलोटाचे काम एकदा करून संपत नाही. चर बुजतात, बांध फुटतात, नव्या पिढीला जुने नियम ठाऊक नसतात. म्हणून खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या पाच तारखेला भरणाऱ्या चर्चासत्राचे मोल द्राक्षबागांपेक्षा कमी मानता येत नाही. कृषी विज्ञान केंद्र म्हणजे विद्यापीठातील संशोधन शेतापर्यंत नेणारी संस्था. देशातील असे पहिले केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झाले आणि खरपुडीचे केंद्र हेच मंडळ चालवते. ठरलेल्या तारखेला, पाऊस असो वा नसो, शेतकऱ्यांनी आणि तज्ज्ञांनी एकत्र बसायचे, हा नेम घरातल्या एखाद्या कुळाचारासारखा आहे. दीर्घ सेवेचे खरे माप सभांच्या संख्येत नसून अशा न चुकणाऱ्या तारखेत असते.

इथे कार्यकर्त्याच्या घराचा प्रश्न येतो. महिन्यातले कित्येक दिवस जो माणूस दुसऱ्यांच्या बांधावर असतो, त्याची स्वतःची पेरणी कोणी केली, आलेल्या माणसांचा चहा आणि भाकरी कोणी केली, मुलांच्या शाळेची फी कशातून भरली गेली, हे सार्वजनिक इतिहासात क्वचितच लिहिले जाते. इंडो-जर्मन कार्यक्रमात शिवाराची आखणी करताना शेतकरी आणि त्याची पत्नी या दोघांनाही प्रत्यक्ष शेतात नेऊन विचारण्यावर भर होता. त्यामागची समज अशी, की जमिनीचा निर्णय घराने मिळून घेतला तरच तो टिकतो. जी दृष्टी त्या कार्यक्रमाने शेताला लावली, ती कार्यकर्त्याच्या चरित्राला अजून लावली गेलेली नाही. बाहेर सगळ्यांचा अण्णा असलेला माणूस घरातही कुणाचा तरी बाप, नवरा आणि मुलगा असतो, आणि घराने वाटून घेतल्याखेरीज तो गावाच्या वाट्याला येत नाही.

मराठवाड्यात अशा माणसाचे स्मरण करण्याच्या रीती पुष्कळ आहेत. हयातीत पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव होतो, आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्याबद्दल एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो. मृत्यूनंतर तेरवीला श्रद्धांजलीची भाषणे होतात आणि दरवर्षी पुण्यस्मरणाला कीर्तन ठेवले जाते. या सर्व रीतींत घरचे आणि गावचे लोक एकाच मांडवात येतात, ही त्यांची फार मोठी बाजू आहे. कमी पडते ती स्मरणिका. तिच्यात ‘निःस्वार्थी’, ‘प्रेमळ’, ‘अजातशत्रू’ ही विशेषणे ओळीने येतात, पण कोणत्या साली कोणत्या नाल्यावर बांध घातला, श्रमदानाला कोण कोण होते, विरोध कोणी केला आणि तो कसा मावळला, यातले काही सापडत नाही. विशेषणे कोणालाही लागू पडतात. नाल्याचे नाव एकाच माणसाला लागू पडते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला, आणि जिल्ह्याच्या पहिल्या दोन दशकांत ज्यांनी पाणी, शाळा, वाचनालये आणि दवाखाने यांसाठी बिनपगारी राबणूक केली, त्यांतले अनेक जण आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या मुलांनी, सुनांनी आणि नातवंडांनी एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, साल आणि शिवार विचारावे, सोबत राबलेल्यांची नावे लिहून घ्यावीत, आणि त्याच वहीत ज्या बाईने इतकी वर्षे त्या सगळ्यांसाठी चूल पेटती ठेवली तिचे नाव, माहेरच्या नावासकट, पहिल्या पानावर लिहावे.