अळंबीच्या पेशीतले पाहुणे

भाजीबाजारात हल्ली बटण अळंबी आणि धिंगरी यांची पाकिटं शेजारी शेजारी दिसतात. दोघींच्याही पेशींत, केंद्रकाच्या बाहेर, तंतुकणिका असतात. अन्नातून ऊर्जा काढून देणं हे त्यांचं काम. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या स्वतंत्र जगणारे जिवाणू होत्या, म्हणून स्वतःचा छोटासा जनुकसंच त्या आजही बाळगून आहेत. माणसाच्या तंतुकणिकेतला हा संच डीएनएच्या 16,569 अक्षरांचा. 1981 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तो पूर्ण वाचला. धिंगरीचा भरतो 73,242 अक्षरांचा आणि बटण अळंबीचा तब्बल 1,35,005 अक्षरांचा! ऊर्जेच्या मूळ कामाची जनुकं मात्र तिघांतही जवळजवळ सारखीच. मग ही जास्तीची अक्षरं आली कुठून?

याचं उत्तर कॉक्स-1 नावाच्या एका जनुकात सापडतं. श्वसनातलं एक महत्त्वाचं प्रथिन बनवणाऱ्या या जनुकाला सुमारे 1,600 अक्षरं पुरतात. बटण अळंबीत ते 29,902 अक्षरांवर पसरलेलं आहे. माणसाच्या तंतुकणिकेचा सगळा जनुकसंच त्यात मावून वर जागा उरेल! कामाच्या मजकुराचे तुकडे पाडून मध्ये 19 इंट्रॉन, म्हणजे प्रथिनाच्या मजकुरात न मोडणारे डीएनएचे तुकडे, पाहुण्यांसारखे येऊन बसले आहेत.

असा पाहुणा घरात शिरतो कसा? पुष्कळशा इंट्रॉनमध्ये एका विकराचं जनुक असतं. जिथे हा इंट्रॉन नाही अशी त्याच जनुकाची प्रत समोर आली, की विकर तिला नेमक्या ठरलेल्या जागी कापतो. पेशी ती जखम सांधताना शेजारची, इंट्रॉन असलेली प्रत नमुना म्हणून घेते, आणि पाहुण्याचीही नक्कल होते. यजमान मात्र मरत नाही, कारण प्रथिन बनण्याआधी जनुकाच्या आरएनए-नकलेतून इंट्रॉन कापून बाजूला काढले जातात. काही इंट्रॉन तर ही कापणी स्वतःच करू शकतात. आरएनएची ही करामत 1982 मध्ये थॉमस चेक यांनी एका एकपेशीय जिवात दाखवली आणि 1989 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

केंद्रकं फिरतात, तंतुकणिका थांबतात

पण दोन वेगळ्या प्रती समोरासमोर येतात कधी? आपल्याला तंतुकणिका फक्त आईकडून मिळतात, त्यामुळे आपल्यात अशी भेट सहसा होत नाही. अळंबी वर्गातल्या बहुतेक बुरशींत दोन कवकजालं, म्हणजे बुरशीच्या तंतूंची जाळी, भेटली, की त्यांची केंद्रकं एकमेकांच्या तंतूंत दूरवर जातात. तंतुकणिका जागच्या जागी राहतात. जोडीच्या अर्ध्या भागात एकाच्या तंतुकणिका, उरलेल्या अर्ध्यात दुसऱ्याच्या. फक्त जिथे तंतू जुळले त्या सीमेवर दोन्ही एकत्र येतात, आणि तिथे त्यांच्या डीएनएची अदलाबदल होऊ शकते. निसर्गात हे खरोखर घडतं याचा पुरावा 1998 मध्ये आर्मिलारिया गॅलिका या अळंबीत मिळाला. मिशिगनच्या क्रिस्टल फॉल्सजवळच्या जंगलात पसरलेली प्रचंड बुरशी याच जातीची. तो सगळा पसारा एकच जीव आहे, हे 1992 मध्ये ठरवताना तंतुकणिकेच्या डीएनएची साक्ष कामी आली होती. 2018 च्या अंदाजानुसार तो जीव किमान 2,500 वर्षांचा आहे आणि त्याचं वजन सुमारे 4 लाख किलो आहे.

वंशावळीचा गुंता

हे पाहुणे इंट्रॉन जातीची कुंपणंही ओलांडतात. सपुष्प वनस्पतींच्या कॉक्स-1 मध्ये आढळणारा एक इंट्रॉन मूळचा बुरशीतून आलेला मानला जातो. उलट, वाळल्या लाकडावर उगवणाऱ्या शिझोफायलम कम्यून या अळंबीच्या तंतुकणिकेत एकही इंट्रॉन नाही. तिचा संच 49,704 अक्षरांत आटोपतो. तेव्हा संच मोठा म्हणजे जीव प्रगत, हा हिशेब इथे लागू होत नाही.

याचा परिणाम थेट प्रयोगशाळेत दिसतो. प्राण्यांच्या जाती ओळखायला कॉक्स-1 चा एक तुकडा पुरतो. बुरशींत त्याची लांबी इतकी बदलते, की 2012 मध्ये बुरशींची अधिकृत ओळखखूण म्हणून केंद्रकातला आयटीएस हा भाग निवडावा लागला. इंट्रॉनची वंशावळ वेगळी आणि यजमानाची वेगळी. अळंबीचा खरा इतिहास मांडायचा, तर केंद्रक आणि तंतुकणिका या दोन्ही वह्या शेजारी ठेवूनच वाचायला हव्यात.