नदीला उतार कुठे?

दोस्तांनो, एक कोडं घालू? नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे बरोब्बर समोर दुसरं गाव. वाटाडे मात्र छातीठोकपणे सांगतात, "इथं नदीला उतार नाही!" तुम्ही विश्वास ठेवाल?

२३ सप्टेंबर १८०३ रोजी हाच प्रश्न एका इंग्रज सेनापतीपुढे उभा होता. जागा आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळची, नदी केळणा आणि सेनापती ३४ वर्षांचा आर्थर वेलस्ली.

हा मूळचा डब्लिनचा. शाळेत काही चमकला नाही, व्हायोलिन मात्र वाजवायचा. १७९७ मध्ये तो हिंदुस्थानात आला. १७९९ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्यानं अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट घेतला. आता समोर होते शिंदे आणि नागपूरकर भोसले. त्यांची फौज कितीतरी पट मोठी, शिवाय शंभराच्या आसपास तोफा! वेलस्लीची कवायती फौज जेमतेम साडेचार हजार, जोडीला म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार.

समोरून हल्ला म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. बगलेवर जायचं, तर नदी ओलांडायला हवी. वेलस्लीनं ती दोन गावं पाहिली आणि ताडलं, समोरासमोरच्या गावांत येणं-जाणं असणारच. मग उतारही असणार! आणि तो होताच. फौज पार झाली.

पण लढाई सोपी नव्हती. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडेनात. काहींनी मेल्याचं सोंग घेतलं आणि इंग्रज पुढं जाताच उठून पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. अखेर तो जिंकला खरा, पण त्याची दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. मराठ्यांकडची तर आणखी कितीतरी. गंमत नव्हे, दुःख असं की दोन्हीकडचे बहुतेक शिपाई आपल्याच देशातले होते.

त्या रात्री विजयी सेनापती गुडघ्यांत डोकं घालून बसून होता.

पुढं हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं, १८२८ मध्ये तो इंग्लंडचा पंतप्रधान झाला. १८५२ मध्ये तो वारला. म्हातारपणी कुणीतरी विचारलं, "रणांगणावरची तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती?" सांगतात, त्याचं उत्तर एकच शब्दाचं होतं : "असई."

कधी त्या बाजूला गेलात, तर केळणेच्या काठी जरूर थांबा. उतार शोधणारी ती नजर आठवा. आणि तोफा न सोडणारे ते गोलंदाजही!