गर्भनिरोधक गोळी आणि हृदय : आधी रक्तदाब मोजून घ्या

१९३८ साली मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव मांडला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात वाचले. ठराव फेटाळला गेला. आज माला-एन गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. हक्क मिळाला, पण त्यासोबतची माहिती आपल्या भगिनींपर्यंत पोहोचली का, हा आमचा प्रश्न आहे.

माला-एन आणि माला-डी या गोळ्यांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन अशी दोन संप्रेरके असतात. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठवणारे घटक वाढतात, काहींचा रक्तदाबही चढतो. त्यातून पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. क्वचित हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघातही येतो. मात्र तरुण, निरोगी, तंबाखूपासून दूर असलेल्या स्त्रीला हा धोका फार कमी असतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो. म्हणून घाबरून, दुसरे साधन न वापरता गोळी बंद करू नका.

धोका वाढतो तो ३५ वर्षांपुढे धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असलेल्या, पूर्वी गुठळी झालेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रियांना. सोलापुरात हजारो स्त्रिया विड्या वळून घर चालवतात. अनेकींना मिश्रीची सवय आहे. मिश्री हीसुद्धा तंबाखूच. "मी विडी ओढत नाही" एवढ्यावर न थांबता मिश्रीचेही डॉक्टरांना सांगा.

गोळी सुरू करण्यापूर्वी रक्तदाब मोजून घ्या, पुढेही अधूनमधून मोजत राहा. आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारायला लाजू नका. एका पोटरीला सूज व दुखणे, छातीत कळ, अचानक दम लागणे, तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा.

गोळी चालत नसेल तर तांबी आहे, इस्ट्रोजेन नसलेली 'छाया' गोळी आहे. निरोध आणि पुरुष नसबंदीही आहे. कुटुंब दोघांचे, तर जबाबदारी एकट्या बाईचीच का? विहारातल्या पुढच्या महिला बैठकीत यावर जरूर बोला, आणि त्या बैठकीला पुरुषांनाही बोलवा.